शिळाप्रेस : १८३१ च्या पंचांगामागचं तंत्र नेमकं काय होतं?

पोथीशाळा
गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत मराठी पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण शिळाप्रेसवर छापायचं म्हणजे काय करायचं, असं विचारलं की "दगडावर अक्षरं कोरायची" हेच उत्तर मिळतं. दगड कोरत नसत एवढं मला ठाऊक आहे, त्यापुढचं जाणकारांकडून हवंय.

गुळगुळीत सपाट दगडावर शाई फक्त अक्षरांनाच कशी धरते? सामान काय लागायचं आणि काम बिघडायचं कुठे? आणि माझा खरा प्रश्न असा की अमेरिकन मिशनचा छापखाना मुंबईत तेव्हा देवनागरी खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर, छापत होता, गणपत कृष्णाजी स्वतः तिथे काम करून आलेले होते. मग खिळे सोडून दगड का धरला?

शाईघोट
"कोरून" म्हणणारे दोन वर्षांपुरते बरोबर आहेत. म्युनिकच्या आलोइस सेनेफेल्डरला स्वतःची नाटकं स्वस्तात छापायची होती. १७९६ मध्ये त्याने मेण-साबणाच्या शाईने दगडावर लिहिलं आणि उरलेला दगड तेजाबाने खाऊ दिला. अक्षरं केसभर वर राहिली आणि त्यावरून ठसा घेता आला. खरा शोध १७९८ चा, दगड न खोदता, निव्वळ तेल-पाण्याच्या वैरावर छापण्याचा. १८०१ मध्ये त्याने लंडनला पेटंट घेतलं, १८१८ मध्ये सगळी कृती पुस्तकात लिहून काढली आणि १८१९ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर आलं. १८२० च्या दशकात कलकत्त्याला सरकारी शिळाप्रेस चालू होता. वीस-पंचवीस वर्षांत म्युनिकहून हिंदुस्थानात पोचलेलं तंत्र आहे हे. त्या काळाच्या मानाने फार जलद.

आम्लपित्त
रसायन सांगतो. दगड चुनखडीचा, म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. त्याला पाणीही चालतं आणि चरबीही चालते, आणि सगळा खेळ या दुहेरी स्वभावावर आहे.

लिहायच्या शाईत साबण आणि चरबी असते. त्यातली मेदाम्लं दगडाच्या पृष्ठभागाला धरतात आणि तिथे कॅल्शियमचा साबण तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही. मग सगळ्या दगडावर डिंकाचं पाणी आणि त्यात थेंबाथेंबाने नायट्रिक आम्ल, अशी ‘एच’ फिरवायची. आम्लाने पृष्ठभाग किंचित फसफसतो, साफ होतो, आणि मोकळ्या जागी डिंकाचा पातळ थर असा चिकटतो की पाण्याने धुतला तरी पूर्ण जात नाही. आता अक्षरांच्या जागा तेलकट आणि मोकळ्या जागा पाणी धरणाऱ्या. ओल्या स्पंजने पुसा, तेलाच्या शाईचा रूळ फिरवा, शाई फक्त अक्षरांवर बसते.

यात काजळाचं काम शून्य. लिहिणाऱ्याला दिसावं म्हणून ते घालतात. टर्पेंटाइनने काळं सगळं पुसून टाकलं, दगड कोरा दिसायला लागला, तरी रूळ फिरवताच अक्षरं परत येतात.

कुंडलिनी
टर्पेंटाइनने पुसायचं?! मग डिंक नाही का निघून जात?

आम्लपित्त
वाळलेला डिंक टर्पेंटाइनला दाद देत नाही, पाण्याला देतो. म्हणूनच क्रम चुकवायचा नाही. आधी डिंक पातळ पुसून कडक वाळवा, मग त्याच्यावरूनच टर्पेंटाइन, मग शाईचा हलका थर चोळा, आणि शेवटी पाणी. आधी पाणी लावून मग टर्पेंटाइन मारलंत तर मोकळ्या जागेचं संरक्षण गेलं आणि चरबी सगळीकडे पसरली. नवशिक्यांचे दगड सगळ्यात जास्त इथेच जातात.

खलबत्ता
डिंक कुठला? लाडवातला चालतो का?

शिळा_२२०
बाभळीचा चालतो. स्वच्छ, फिक्या रंगाचे खडे निवडा. एक भाग डिंक, दोन-तीन भाग पाणी, रात्रभर भिजत ठेवा आणि दुहेरी फडक्यातून गाळा. साल किंवा कचऱ्याचा कण राहिला तर तिथे एच नीट बसत नाही. धावड्याचा डिंक पूर्ण विरघळत नाही, चिकट गाठी राहतात. कतिऱ्याचा तर फुगून बसतो, त्याचा इथे काही उपयोग नाही. मुंबईच्या उकाड्यात भिजवलेला डिंक एक-दोन दिवसांत आंबतो. आंबला की स्वतःच आम्लधर्मी होतो आणि मोजून घातलेल्या थेंबांचा हिशेब कोलमडतो. त्यामुळे रोज लागेल तेवढाच भिजवायचा.

आता दगडाबद्दल. उत्तम दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा. त्याचा कण इतका बारीक की १८६१ मध्ये त्याच खाणींच्या भागात सापडलेल्या पिसांच्या जीवाश्माला आर्किओप्टेरिक्स लिथोग्राफिका हे नाव या दगडावरूनच पडलं. पिवळसर दगड मऊ असतो, करडा टणक. बारीक अक्षरांसाठी करडा घ्यावा. ३० बाय ४० सेंटिमीटरचा, ७ सेंटिमीटर जाडीचा दगड साधारण २२ किलो भरतो. जहाजाने आणायचा, धक्क्यावर उतरवायचा, हमालाच्या डोक्यावरून छापखान्यात न्यायचा, आणि वाटेत कोपरा उडाला तर त्याचा आकार कमी करायचा.

दगड वापरण्याआधी घासतात. एकावर एक दोन दगड पालथे ठेवून मध्ये वाळू आणि पाणी घालायचं, वरचा दगड आठच्या आकड्यात फिरवायचा. आज वाळूऐवजी ८० किंवा १०० नंबरचं कार्बोरंडम (घासायची टणक भुकटी, नंबर वाढला की कण बारीक), मग १८०, मग २२०. दर खेपेला आधीची भरड धुऊन काढायची. ८० चा एक कण १८० मध्ये राहिला तर लांबलचक ओरखडा उठतो, आणि त्यात शाई भरते. चरबीच्या खडूने काढायच्या चित्रासाठी दाणेदार पृष्ठभाग ठेवतात. लिखाणासाठी मात्र प्युमिसने गुळगुळीत करावा लागतो, नाहीतर बोरू अडखळतो.

वरचा-खालचा दगड अधूनमधून बदलायचा. न बदलल्यास खालचा मध्ये फुगीर होतो आणि वरचा खोलगट. तपासायची रीत सोपी आहे. दगडावर सरळ पोलादी पट्टी उभी धरा, तिच्या दोन्ही टोकांखाली आणि मध्ये पातळ कागदाच्या चिट्या ठेवा. तिन्ही सारख्या ताणाने ओढल्या गेल्या तर दगड सपाट. मधली सुटली तर मध्ये खड्डा आहे, छापताना तिथली अक्षरं फिकी येणार.

शेवटी चारही कडा कानशीने गोल करा. धारदार कडेला शाई साठते आणि पानाला काळी चौकट येते.

बोरूबहाद्दर
लिहिणाऱ्याचं सांगायला हवं, कारण त्याला सगळे विसरतात. दगडावर थेट लिहायचं तर आरशातलं लिहावं लागतं, उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर उलटं. देवनागरीत आणखी एक अडचण आहे. बोरूचा कत, म्हणजे टोकाचा काप, तिरपा असतो आणि त्या तिरपेपणामुळेच अक्षराला जाड-बारीक वळण येतं. उलटं लिहिताना तोच कत चालत नाही, विरुद्ध बाजूला तिरपा कापलेला बोरू लागतो. नाहीतर छापून सुलट झाल्यावर जाड जागी बारीक आणि बारीक जागी जाड दिसतं. पंचांगातले आकडे उलटे काढताना २ आणि ७ मध्ये हात हमखास फसतो.

म्हणून सेनेफेल्डरने काढलेली दुसरी वाट मोलाची, ती म्हणजे बदलीचा कागद. पातळ कागदाला एका बाजूने खळ आणि डिंकाचा लेप द्यायचा. लेपाची बाजू कळावी म्हणून त्यात थोडा पिवळा रंग मिसळत. त्यावर चरबीच्या शाईने सरळ, नेहमीसारखं लिहायचं. कागद मागून दमट करून, किंचित कोमट आणि कोरड्या दगडावर पालथा घालायचा आणि दाब वाढवत चार-सहा वेळा यंत्रातून काढायचा. मग मागून पाणी मारत राहायचं. लेप विरघळतो, कागद आपोआप सुटतो आणि शाई दगडावर राहते, उलटी होऊन. सराईत लेखकाचं अक्षर जसंच्या तसं उतरतं.

कागद जास्त ओला झाला तर दाबाखाली सरकतो आणि ओळी दुहेरी येतात. कमी ओला राहिला तर शाई अर्धीच उतरते, शिरोरेघा तुटक येतात. रेघ ही आपल्या लिपीची पहिली परीक्षा आहे, ती अखंड उतरली तर बाकीचं उतरतं.

टाकसाळ
तुपाच्या शाईचं कुणी बोललं नाही अजून. चरबीच्या शाईत छापलेलं शिवायचं नाही, अशी लोकांची हरकत होती, म्हणून गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरलं असं सांगितलं जातं. मला हे पटत नाही. छपाईची शाई जवसाच्या तेलाची असते, तिच्यात चरबी नसतेच. मग तूप बदली कशाची?

शाईघोट
टाकसाळ, तुम्ही दोन शाया एक धरताय. एक लिहायची, एक छापायची.

छापायची शाई म्हणजे जवसाचं तेल जाळून केलेलं रोगण आणि काजळ. इथे तुमचं बरोबर. तेल ३०० अंशांच्या पुढे तापवतात, वाफेला जाळ देऊन थोडा वेळ पेटू देतात, मग झाकण घालून विझवतात. चिमटीत थेंब घेऊन बोटं फाकवली की इंचभर तार सुटली पाहिजे. भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही, फेस उतू गेला की आग. काम उघड्यावर करायचं, आणि पेटलेल्या तेलावर पाणी कधीही टाकायचं नाही.

लिहायच्या शाईत मात्र मेण, जनावराची चरबी, साबण, लाख आणि काजळ असतं. पॅरिसच्या लेमर्सिएच्या खडूचं प्रमाण प्रसिद्ध आहे. पिवळं मेण ३२ भाग, चरबी ४, साबण २४, सोरा १ (७ भाग पाण्यात विरघळवून), काजळ ७. बोरूच्या शाईत साबण पुरेसा हवा, म्हणजे ती पाण्यात उतरते.

दगडाला मेदाम्ल हवं. ते गाईच्या चरबीतलं की तुपातलं, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तूप चरबीपेक्षा मऊ, म्हणून त्या मानाने मेण वाढवावं लागेल, नाहीतर शाई चिकट राहून बोट लागताच पसरेल. साबणही तेलाचा निवडावा लागेल, कारण चरबीचा साबण घातला तर मूळ हरकत तशीच राहते. तेव्हा तुपाची गोष्ट रसायनाच्या दृष्टीने अगदी बसते.

टाकसाळ
लिहायच्या शाईपुरतं मान्य. पण वाचणाऱ्याच्या हाताला लागते ती छापायची शाई, हा माझा मुद्दा तरीही उभा आहे.

आम्लपित्त
उभा आहे, पण पूर्ण नाही. दगडाच्या शाईत रोगण घट्ट झालं तर ते सैल करायला थोडी चरबी घालायची पद्धत युरोपातही होती. त्या जागी तूप जाऊ शकतं. मात्र प्रमाण जरा वाढलं की शाई मोकळ्या जागी चढते.

रूळकरी
बिघाडांबद्दल विचारलंय, तर क्रमाने लिहितो, कारण दिसायला सारखे असले तरी उपाय वेगळे आहेत.

सगळ्या पानावर राखाडी पडदा येतो, त्याला आम्ही मळ धरणं म्हणतो. कारण बहुतेक वेळा दगड सुकलेला असतो. पाण्याचा थर अतिशय पातळ लागतो, आणि उन्हाळ्यात तो रूळ उचलेपर्यंत उडतो. लगेच ओल्या स्पंजने पुसून रूळ झरझर फिरवा, मळ रूळावर परत उचलला जातो. हळू आणि दाबून फिरवलेला रूळ शाई देतो, हलका आणि जलद फिरवलेला शाई काढून घेतो. हा एक हिशेब हातात बसला की अर्धं काम आलं.

अक्षरांची पोटं भरतात, म्हणजे ‘ब’चा ‘व’ दिसतो, ‘ष’चा ‘प’ दिसतो. शाई सैल झालेली असते. मुंबईच्या एप्रिल-मेमध्ये रोगण आपोआप पातळ होतं, तेव्हा घट्ट रोगण वापरावं लागतं.

बारीक रेघा हळूहळू नाहीशा होतात. एचमध्ये आम्ल जास्त झालेलं असतं. आजच्या कार्यशाळांत ३० मिलिलिटर डिंकाला नाजूक कामासाठी जेमतेम ५ थेंब, जाड कामासाठी २० च्या आसपास घालतात. पिवळ्या मऊ दगडाला आणखी कमी. दगडाच्या कडेला, जिथे लिखाण नाही तिथे, एक थेंब टाकून बघायचं. सावकाश बारीक बुडबुडे आले तर ठीक, एकदम फेस आला तर आणखी डिंक घाला.

बोटांचे ठसे. हात कितीही धुतलेला असला तरी त्वचेचं तेल दगडाला लागतं आणि लिहिताना न दिसलेला अंगठा दहाव्या प्रतीवर उमटतो. लिहिणाऱ्याच्या हाताखाली लाकडी पट्टीचा पूल हवा. डोक्यातला कोंडा पडला तरी काळे ठिपके येतात. बोलताना थुंकी उडाली तर उलट, तिथे पांढरा डाग. त्यामुळे लिहिताना तोंड बंद.

आणि भूत. आधीचं लिखाण पुरेसं न घासता नवीन लिहिलं तर जुनी अक्षरं मधूनच डोकं वर काढतात. चरबी पृष्ठभागाच्या खाली मुरलेली असते, डोळ्यांना दगड स्वच्छ दिसला तरी घासणं थांबवायचं नाही.

खलबत्ता
थोडक्यात गेल्या वर्षीची एकादशी यंदाच्या पंचांगात :)

रूळकरी
अगदी तेच, आणि पंचांगात ते फार महागात पडलं असतं.

ऑफसेटी
ऑफसेटवर काम करणाऱ्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. मशीन बंद करताना प्लेटला आजही गम मारतो, तो याच डिंकाचा वंशज. पाणी-शाईचा तोल बिघडला की मळ धरतोच. फरक एवढा की ऑफसेटमध्ये मधल्या रबरी ब्लँकेटमुळे प्लेटवर सुलट अक्षर चालतं. दगडाऐवजी जस्त वापरण्याची वाटही जुनीच. पुण्यातल्या सरकारी फोटोझिंको छापखान्याच्या नावातलं झिंको ते हेच जस्त.

पोथीशाळा
फार छान माहिती. पण माझा मूळ प्रश्न अजून बाकी आहे. खिळे असताना दगड का?

जुळारी
खिळ्यांची बाजू मी सांगतो. इंग्रजीची केस, म्हणजे खिळे ठेवायची खणांची पेटी, दीडशेच्या आसपास खणांत भागते. देवनागरीला जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, मात्रा, रफार, उकार धरून चारशे-पाचशेच्या घरात खिळे लागतात. ते ओतायला प्रत्येकाचा पोलादी पंच हवा, तो ठोकून अक्षर उमटवलेली तांब्याची मातृका हवी, साचा हवा. मिशनकडे ते पैसे आणि माणसं होती. स्वतःच्या हिमतीवर छापखाना काढणाऱ्याकडे कुठून असणार?

त्यातून पंचांग म्हणजे नुसते कोष्टक. उभ्या-आडव्या रेघा, आणि प्रत्येक घरात एक-दोन अक्षरं आणि घटी-पळांचे आकडे. खिळ्यांत त्यासाठी पितळी रेघा मापाने कापायच्या, रिकाम्या जागी शिसं भरायचं आणि सगळं चौकटीत असं आवळायचं की एकही घर सुटता कामा नये. एका पानाला आकड्यांचा ढीग लागतो, आणि केसमधले ३ संपले की काम अडलं. बोरू आणि आखणीच्या लेखणीने तेच पान लेखक सहज काढतो.

टाकसाळ
दुसरी बाजूही लिहा. चूक सापडली तर खिळा चिमट्याने उपसून दुसरा बसवता येतो. दगडावर ती जागा चाकूने खरवडायची, व्हिनेगर किंवा तुरटीच्या पाण्याने पुन्हा चरबीला मोकळी करायची, तिथे लिहायचं, पुन्हा एच. दोन-चार आकडे असे सुधारता येतात, पूर्ण ओळ सुधारायची तर दगड परत घासलेला बरा. मोठ्या ग्रंथाला खिळेच सोयीचे. गणपत कृष्णाजी स्वतःही पुढे खिळ्यांकडे वळले, हे विसरू नका.

शिळा_२२०
ते वळले, पण सुरुवात कुठून करता आली हे महत्त्वाचं. माडगावकरांच्या १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’मध्ये नोंद आहे की त्यांनी आधी घरीच लाकडाचं यंत्र केलं, लहान शिळा मिळवली, शाई स्वतः बनवली आणि छापून पाहिलं. माझ्या मते उत्तर या लाकडी यंत्रातच आहे.

खिळ्यांच्या यंत्रात पाटा सगळ्या पानावर एकाच वेळी दाब देतो. तेवढ्या दाबाला लाकूड वाकतं, म्हणून स्टॅनहोपने १८०० च्या सुमारास लोखंडी यंत्र केलं, पुढे कोलंबियन आणि आल्बियन आली. ती विलायतेहून मागवायची चीज. शिळाप्रेसमध्ये दाब देते ती पट्टी, कठीण लाकडाची, धारेला चामडं लावलेली. दगडावर दमट कागद, त्यावर चरबी किंवा मेण चोळलेलं चामड्याचं आवरण, वर ही पट्टी, आणि खालून दगडाचा पाट ओढायचा. कोणत्याही क्षणी दाब फक्त एका अरुंद रेघेवर असतो. त्यामुळे एकूण ताकद कमी लागते आणि चांगल्या सुताराला असं यंत्र सागवानात जमतं. पट्टीची धार रंध्याने सरळ ठेवायची, तिला एक खाच पडली तर प्रत्येक पानावर त्याच जागी पांढरी रेघ येते. दगडाखाली खडा राहिला तर दगड मधोमध तडकतो, हा खरा धोका.

सागवान, बाभळीचा डिंक, जवसाचं तेल, काजळ, मेण, सोऱ्याचं तेजाब आणि हाताखाली पोथ्या लिहिणारे सराईत लेखक, हे सगळं मुंबईत होतं. बाहेरून आणायचा फक्त दगड, आणि तोही घासून पुन्हा पुन्हा वापरता येणारा. खिळ्यांच्या छापखान्याला लागणारं भांडवल यात लागत नाही.

जुळारी
लाकडी यंत्राचा मुद्दा बिनतोड आहे. लेखकांचा मी त्याहून वर ठेवेन. वाचणाऱ्याला पोथीचं वळण हवं होतं, आणि ते तेव्हाच्या देवनागरी खिळ्यांत नव्हतं.

पोथीशाळा
माझ्यापुरतं उत्तर मिळालं. आता शेवटचं. जुनं पान हातात आलं तर ते दगडावरचं की खिळ्यांचं, कसं ओळखायचं? एका सुट्या पानाबद्दल विचारतोय. मागून हात फिरवला तर अक्षरं लागत नाहीत. दोन ‘क’ कुठेही एकसारखे नाहीत. पण मजकुराभोवती, थोडं बाहेर, कागदावर चौकोनी दाबाची खूण आहे.

बोरूबहाद्दर
दोन ‘क’ वेगळे म्हणजे खिळे बाद. खिळ्यांत अक्षराच्या कडेला शाई दाबली जाऊन गडद किनार येते आणि कागदाच्या मागे उठाव येतो. दगडावरच्या छापात शाई सगळीकडे सारखी सपाट असते.

शाईघोट
पण चौकोनी खूण दगडाची नाही! दगड बहुधा कागदापेक्षा मोठा असतो, त्याची कड उमटत नाही. ही खूण तांब्याच्या पत्र्याची वाटते. आपल्याकडे ते तंत्र शिळाप्रेसच्या आधीचं आहे, मिरजेला १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरून गीता छापली गेली होती. तिथे मात्र खरोखर कोरायचे, आणि तेही उलटं.

खात्री करायची तर पान सपाट ठेवा, खोलीत अंधार करा आणि एका बाजूने, कागदाला जवळजवळ समांतर असा टॉर्च धरा. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून जाड रेघ बघा. पत्र्याची शाई खाचेतून उचललेली असल्यामुळे कागदाच्या वर उभी असते आणि तिची बारीक सावली पडते. रेघेची टोकं निमुळती, टोकदार असतील, कारण कोरणी तशीच बाहेर निघते. बोरूच्या रेघेचं टोक कापल्यासारखं बोथट असतं. सावली पडते का आणि टोक कसं आहे, हे दोन्ही बघून इथे लिहा. पानाला ओलं बोट मात्र लावू नका.